शेअर बाजाराचे हेलकावे आणि शाळेतले वर्गमूळ

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाची ताटे हातात आली की शेअर बाजाराचा विषय निघतोच. ज्यांची मुले दोन-तीन वर्षांत कॉलेजात जाणार, त्यांचा प्रश्न ठरलेला : पैसे काढावेत की राहू द्यावेत? उत्तरासाठी शाळेतले वर्गमूळ आठवावे लागते.

एस अँड पी ५०० हा निर्देशांक दिवसाला साधारण १ टक्का वर-खाली होतो. वर्षात बाजाराचे दिवस सुमारे २५२. पण वर्षाचा हेलकावा २५२ टक्के नसतो, कारण चढ-उतार एकमेकांना बरेचसे खोडतात. तो वाढतो काळाच्या वर्गमुळाने. २५२ चे वर्गमूळ सुमारे १६, म्हणून वर्षाला सुमारे १६ टक्के. लुई बाशेलिए यांनी पॅरिसमध्ये १९०० साली आपल्या प्रबंधात हा नियम मांडला.

वाढ मात्र काळाच्या सरळ प्रमाणात होते. वर्षाला ८ टक्के धरली तर दिवसाला जेमतेम ०.०३ टक्के, म्हणजे १ टक्क्याच्या हेलकाव्यात ती दिसणारसुद्धा नाही. रोज भाव पाहणे म्हणजे निव्वळ रक्तदाब वाढवणे! चक्रवाढ बाजूला ठेवली तर ४ वर्षांत वाढ ३२ आणि हेलकावाही ३२. १६ वर्षांत वाढ १२८, हेलकावा ६४.

पण हा नियम भाबडा आहे. आय.बी.एम.मधील बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६३ साली कापसाच्या जुन्या भावांवर लेख प्रसिद्ध केला. रोजच्या आणि महिन्याच्या बदलांचे आलेख, प्रमाण जुळवून घेतले की, सारखेच दिसत होते. आणि मोठ्या उड्या नेहमीच्या घंटाकृती आलेखाच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त होत्या. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. घंटाकृती हिशोबाने असा दिवस विश्वाच्या वयातही यायला नको. शिवाय वादळी दिवस एकेकटे येत नाहीत, घोळक्याने येतात. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात एस अँड पी ५०० निम्म्याहून अधिक घसरला.

तेव्हा दोन वर्षांनी भरायच्या फीचे पैसे मी तरी बँकेच्या सी.डी.त किंवा ट्रेझरी बिलांत ठेवीन, व्याज कमी मिळाले तरी. निवृत्तीला वीस वर्षे असतील तर ४०१(के)ला हात लावू नये. कॉलेजसाठीच्या अनेक ५२९ योजनांत मुलाच्या वयाप्रमाणे शेअर आपोआप कमी करणारा पर्याय असतो. आपण तो निवडला आहे का, हे कागद काढून जरूर पाहावे.