धावणाऱ्या हृदयाला पेसमेकर कशाला?

अगं, डॉक्टर फसवत नाहीयेत तुला. पेसमेकर मंद हृदयाला लावतात हे खरंच, पण उधळलेल्या हृदयालाही तो आवरतो.

दिलीपरावांना ॲटॅक येऊन गेलाय ना, तिथं हृदयाच्या स्नायूवर व्रण राहिलाय. वीज त्या व्रणाभोवती गोल फिरत राहिली की ठोके एकदम दीडशे-दोनशेवर जातात, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा यंत्र त्या वेगाहून किंचित जास्त वेगानं आठेक ठोके देतं. मंगळागौरीच्या फेरात कुणी मध्येच घुसलं की फेर मोडतो, तसंच. फिरून आलेल्या विजेला पुढचा स्नायू नुकताच ठोका देऊन दमलेला मिळतो, आणि तिची वाटच बंद होते.

कॅथ लॅबमध्ये नोकरी केली मी, ठोक्यांच्या नोंदीच्या अशा पट्ट्या पुष्कळ पाहिल्या. तपासणीला आलेला माणूस म्हणतो, "काही त्रास नाही बुवा." आणि मशीनमधून पट्टी काढली की दिसतं: रात्री अडीचला रुंद, दाटीवाटीचे ठोके, त्यांवर सारख्या अंतरानं आठ खुणा, पुढे सरळ लय. गडी झोपेतच होता!

हे दर वेळी जमतंच असं नाही. क्वचित ठोके आणखी भडकतात. म्हणून त्याच डबीत शॉकची सोय असते. हीच आयसीडी. माणसाला पहिली बसवली 1980 मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. त्यामागे ध्यास मिशेल मिरोव्स्कींचा. त्यांचे ज्येष्ठ सहकारी अशाच ठोक्यांनी गेले होते. त्या यंत्राला फक्त शॉक देता यायचा, हे गुपचूप आवरणं नंतर आलं.

तुझ्या शेजारणीच्या लेकीचं वेगळं हं. तिची एसव्हीटी, म्हणजे विजेच्या जादा वाटेमुळे उधळणारे ठोके. त्यालाही एके काळी पेसमेकर बसवत; आता मांडीतल्या शिरेतून कॅथेटर नेऊन ती जादा वाटच जाळतात, ॲब्लेशन म्हणतात, आणि बहुतेक जण कायमचे बरे होतात. तिला कुणी डबी सुचवलीच, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला सांग.

दिलीपरावांचं मात्र लांबवू नकोस. बसवल्यावर महिनाभर डबीच्या बाजूचा हात खांद्याच्या वर नको, मोबाइल त्या बाजूच्या खिशात नको. मिक्सर खुशाल लावू देत, इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब. गोळ्या चालूच राहतील. एक शॉक बसून बरं वाटलं तर डॉक्टरांना फोन. लागोपाठ दोन बसले किंवा चक्कर, छातीत दुखणं राहिलं तर थेट 108. त्या वेळी त्यांना हात लावलास तरी तुला काही होत नाही, घाबरू नकोस.

आणि डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचार: शॉकच्या आधी पेसिंग, म्हणजे ते गुपचूप आवरणं, चालू ठेवलंय ना, आणि किती ठोक्यांवर? उत्तर फाइलवर लिहून घे.