पुनरुत्थानापूर्वींची पहांट

राखेच्या बुधवारापासून प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, रविवार वगळून, जे चाळीस दिवस येतात त्यांस आपण उपवासकाल म्हणतों. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार हा तो सण. म्हणून पुष्कळदां तो चैत्री पौर्णिमेच्या आसपास पडतो. आमच्या मुरुडकडे हे दिवस कठीणच. शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईस परतलेले असतात, विहिरींचें पाणी तळाशीं जातें, आणि तुमच्या डोक्यावर परीक्षा असते. अशा वेळीं कोणी आशेच्या गोष्टी सांगूं लागला तर त्या पोकळ वाटतात, हें आम्ही जाणून आहों.

मार्काच्या शुभवर्तमानांत त्या रविवारच्या पहांटेचा वृत्तांत आहे. तीन स्त्रिया सुगंधी द्रव्यें घेऊन कबरेकडे निघाल्या. कबरेच्या तोंडाशीं मोठी धोंड होती, आणि ती दूर कशी व्हावयाची ही चिंता त्या वाटेनें बोलून दाखवीत होत्या. हा वृत्तांत वाचतांना एक गोष्ट आमच्या मनांत भरते. प्रभु उठला असेल अशा आशेनें त्या निघाल्या नव्हत्या. मेलेल्याच्या देहास सुगंध लावावा, एवढेंच कर्तव्य त्यांच्यापुढें होतें. धोंडेचा उपाय सुचला नव्हता, तरी त्या मागें फिरल्या नाहींत. सणाच्या दिवशीं आम्ही रिकाम्या कबरेविषयीं पुष्कळ बोलतों. त्या अंधाऱ्या वाटेविषयीं मात्र फारसें बोलत नाहीं.

तशी वाट चालणारीं माणसें पाहण्यास यरुशलेमेस जावें लागत नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें घर मुरुडासच होतें. प्रथम पत्नी निवर्तल्यावर त्यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. त्यानंतर तीं दोघें मुरुडास आलीं तेव्हां गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला. ज्या गांवच्या समुद्रावर लहानपण गेलें, तेथें स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडणें कठीण झालें! गोदूबाई अगदीं बाळपणीं विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें, त्यांतील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. (शाळेचा आणि विवाहाचा दिवस एकच यावा, हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो.) कर्वे पतिपत्नी ख्रिस्ती झालीं नाहींत, हें आमच्या हिंदु पालकांसाठीं येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु रमाबाईंच्या दारीं पेटलेला दिवा मुरुडच्या एका घरापर्यंत आला, हेंहि तितकेंच खरें.

तो दिवा पेटविणाऱ्या बाईची स्वतःची वाट कशी होती? १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले, थोरली बहीणहि गेली. भावाबरोबर पायीं देश पालथा घातला. १८८० त तो भाऊ वारला. विवाह झाला, आणि १८८२ त पतीला मृत्यूनें नेलें. पदरीं एक तान्ही मुलगी, मनोरमा. १८८३ त इंग्लंडांत मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु बाप्तिस्म्यानें वाट सपाट झाली असें कोणी समजूं नये. १८९३ त शारदासदनावर धर्मांतराचा वाद पेटला आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. तीनच वर्षांनीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाईंनीं स्वतः तेथें जाऊन शेंकडों निराश्रित मुली आणिल्या. पुण्यांत प्लेगामुळें त्यांस ठेवितां येईना, म्हणून केडगांवच्या शेतजमिनीवर नेल्या. तेंच पुढें मुक्तिसदन झालें. ज्या दुष्काळानें त्यांना पोरकें केलें, त्याच्याच तावडींतून दुसऱ्यांच्या लेकी सोडविण्याचें काम त्यांच्या हातून घडलें.

उतारवयांत रमाबाईंनीं पवित्र शास्त्राचें मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून मराठींत भाषांतर आरंभिलें. संस्कृतांत सभा जिंकणाऱ्या या पंडितेनें खेड्यांतल्या बायांना कळेल अशी साधी मराठी बुद्धिपुरस्सर निवडली. आमच्या मतें त्यांच्या विद्वत्तेचा कस येथेंच लागला. नवा करार १९१३ त निघाला. जुन्या कराराचें काम चालू असतां २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. आईच्या मागें संस्था जिनें चालवावयाची, तीच आधीं गेली. या धोंडेपुढें दुसरें कोणी बसून राहिलें असतें, तर त्यास आम्ही नांवें ठेविलीं नसतीं. रमाबाई थकलेल्या, प्रकृति ढांसळलेली. तरी भाषांतर त्यांनीं हातावेगळें केलें.

५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. त्या वर्षीं पुनरुत्थानाचा रविवार १६ एप्रिलला होता. म्हणजे उपवासकाल अजून सरला नव्हता. संपूर्ण ग्रंथ छापून झालेला त्यांनीं पाहिला नाहीं. तो १९२४ त बाहेर पडला, आणि त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यांत तेथल्याच स्त्रियांनीं जुळविले होते.