संगणकातील दप्तर : राखीव प्रतीत काय असावे?

भंडारा जिल्ह्यात धानाची मळणी आटोपली की घरचे बियाणे वापरणारा शेतकरी पुढील हंगामासाठी बियाणे निवडून ठेवतो. खाण्याचे धान संपले तर ते बाजारातून आणता येते. तणस कमी पडली तर ती शेजाऱ्याकडून मिळू शकते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणाचे बियाणे एकदा नष्ट झाले की ते पैसा देऊनही मिळेलच असे नाही. म्हणून बियाणे वेगळे बांधले जाते, ओलीपासून दूर ठेवले जाते आणि घरात कितीही अडचण आली तरी त्याला हात लावला जात नाही. संगणकावरील माहितीची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, घेताना नेमका हाच विवेक आवश्यक असतो.

आज शासकीय कामकाजाचा मोठा भाग संगणकावर होतो. सातबारा उताऱ्यासारख्या राज्यव्यापी प्रणालींच्या राखीव प्रती ठेवण्याची जबाबदारी त्या प्रणाली चालविणाऱ्या यंत्रणेकडे असते. परंतु शाळेतील निकालपत्रके, वाचनालयाची ग्रंथसूची, ग्रामपंचायतीचे ठराव व पत्रव्यवहार, जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे असे पुष्कळसे दप्तर गावातल्याच संगणकावर राहते. त्याची काळजी घेणारे दुसरे कोणी नसते.

कोतवाल बुकाचा धडा

कोणती माहिती पुढे मोलाची ठरेल, हे आज सांगणे कठीण असते. विदर्भातील जुन्या 'कोतवाल बुका'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मध्यप्रांताच्या काळात गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी देत असे. त्या साध्या नोंदींना पुढे पुराव्याचे मोल येईल, अशी कल्पना त्या वेळी क्वचितच कोणी केली असेल. आज जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० आणि इतर मागासवर्गाच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. तेव्हा कोतवाल बुकातील एक ओळ किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील एक नोंद विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा व नोकरीचा आधार ठरते. ज्या गावी ते पान वाळवीने खाल्ले, तेथील कुटुंबांना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. आज संगणकावर होणाऱ्या नोंदींकडे पन्नास वर्षांनंतर कोणी याच आशेने पाहील, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

युनिक्स कुळातील प्रणाली

अनेक शाळा, वाचनालये व कार्यालये लिनक्स ही संचालन प्रणाली वापरतात. तिचे मूळ युनिक्समध्ये आहे. युनिक्सची उभारणी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी सुरू केली. त्याच धर्तीवर फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जाहीर केला. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली तयार केली आहे. वाचनालयांसाठी असलेली 'कोहा' ही आज्ञावलीही सामान्यतः लिनक्सवरच चालविली जाते.

या प्रणालींची रचना सुव्यवस्थित अभिलेख कक्षासारखी असते. सर्व फाइली एकाच मुळापासून निघालेल्या शाखांमध्ये मांडलेल्या असतात आणि प्रत्येक शाखेचे काम ठरलेले असते. त्यामुळे काय जपावे व काय सोडावे, हे शाखा पाहून ठरविता येते.

निवडीची कसोटी

महसूल खात्यातील कर्मचाऱ्यांना अभिलेखांचे वर्गीकरण परिचित आहे. 'अ' वर्गाचे कागद कायम जपायचे, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, आणि 'ड' वर्गाचे वर्षभरानंतर नष्ट करायचे. संगणकातील दप्तरालाही असेच वर्ग लावता येतात. प्रत्येक शाखेबाबत एकच प्रश्न विचारावा : हे गेले तर पुन्हा कोठून मिळेल?

जे कोठूनही मिळणार नाही, ते पहिल्या वर्गात येते. 'होम' शाखेत प्रत्येक वापरकर्त्याची पत्रे, तक्ते व छायाचित्रे असतात. ती संपूर्ण घ्यावी. नावाच्या आरंभी टिंब असलेल्या फाइली तेथे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत; परंतु वापरकर्त्याची मांडणी व किल्ल्या त्यांतच असतात, म्हणून त्याही घ्याव्यात. मुख्य व्यवस्थापकाची 'रूट' ही शाखा स्वतंत्र असते, तीही विसरू नये. 'व्हार' शाखेत माहितीसाठे, टपाल, संकेतस्थळाची पाने आणि ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी सापडते. काही ठिकाणी इतरांना पुरवावयाची माहिती 'एसआरव्ही' शाखेत ठेवलेली असते.

जे पुन्हा करता येईल पण फार श्रमाने, ते दुसऱ्या वर्गात येते. 'ईटीसी' ही शाखा आकाराने लहान, परंतु महत्त्वाची असते. वापरकर्त्यांच्या नोंदी, जाळ्याची जोडणी, मुद्रणयंत्राची मांडणी अशी संगणकाची सारी घडी तिच्यात असते. ती हरवली तर माहिती शाबूत असूनही संगणक कामाला लावण्यास कित्येक दिवस जातात. स्वतः बसविलेल्या आज्ञावल्यांच्या 'यूझर लोकल' व 'ऑप्ट' या शाखाही याच वर्गातील होत.

जे केव्हाही मिळू शकते, ते तिसऱ्या वर्गात येते. 'यूझर' शाखेच्या उर्वरित भागातील आज्ञावल्या मूळ संचावरून पुन्हा बसविता येतात. त्यांची प्रत घेण्याऐवजी बसविलेल्या आज्ञावल्यांची केवळ यादी जपावी. गिरणी कोणती होती हे ठाऊक असले की पुरे. पीठ साठविण्याची गरज नसते.

अखेरचा वर्ग वगळावयाच्या गोष्टींचा. 'प्रॉक' व 'सिस' या शाखा चकतीवर नसतातच. संगणक चालू असताना त्याची अंतर्गत स्थिती त्या फाइलींच्या रूपाने दाखवितात. 'डेव्ह' व 'रन' या शाखाही प्रत्येक आरंभी नव्याने तयार होतात. 'टीएमपी' हे तात्पुरत्या फाइलींचे ठिकाण आहे आणि 'कॅश' नावाच्या साठ्यांतील मजकूर पुन्हा उतरविता येतो. बाहेरील चकत्या जेथे जोडल्या जातात त्या 'एमएनटी' व 'मीडिया' शाखा विशेषेकरून वगळाव्यात. अन्यथा राखीव प्रत स्वतःचीच प्रत घेऊ लागते आणि चकती भरून काम थांबते.

यादी कशाची करावी?

येथे पुष्कळांची चूक होते. काय घ्यावे याची यादी केली जाते आणि तेवढ्याच शाखांची प्रत निघते. सहा महिन्यांनी नवा कर्मचारी वेगळ्या ठिकाणी नवी शाखा उघडतो. ती यादीत नसते, आणि हे कळते ते संगणक बिघडल्यावर. याउलट सर्व काही घेऊन केवळ वगळावयाच्या गोष्टींची यादी केली, तर नवी शाखा आपोआप प्रतीत येते. पहिल्या पद्धतीत विसर पडला तर माहिती जाते. दुसऱ्या पद्धतीत विसर पडला तर चकतीवरील थोडी जागा जाते. गावपातळीवरील कार्यालयाने दुसरी पद्धत स्वीकारणे हिताचे. निवड करावयाची ती टाकून देण्याच्या गोष्टींची.

दोन तांत्रिक दक्षता

माहितीसाठा चालू असताना त्याच्या फाइलींची सरळ प्रत घेऊ नये. रोकडवहीत लिखाण चालू असताना तिचे छायाचित्र काढले तर जमेची बाजू दिसेल आणि खर्चाची अर्धवट राहील, तसा हा प्रकार आहे. माहितीसाठ्याच्या आज्ञावलीबरोबर सुसंगत उतारा काढण्याची सोय असते. प्रथम तो उतारा काढावा आणि मग त्याची प्रत घ्यावी.

दुसरी दक्षता मालकीची. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीवर तिचा मालक आणि वाचण्या-लिहिण्याची परवानगी नोंदलेली असते. बाजारातील बहुतेक पेन ड्राइव्हची मांडणी ही नोंद जपत नाही. यासाठी १९७९ च्या युनिक्स आवृत्तीपासून प्रचलित असलेल्या 'टार' या साधनाने सर्व फाइलींचा एकच गठ्ठा बांधावा आणि तो पेन ड्राइव्हवर ठेवावा. गठ्ठ्यात मालकी व परवानगी कायम राहते.

प्रत कोठे व किती दिवस?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा शहराचा काही भाग व नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या फाइली जळाल्या. पाणी असो वा आग, मूळ व प्रत एकाच खोलीत असतील तर दोन्ही एकदमच जातात. संगणकाशेजारच्या कपाटातील प्रत यंत्राच्या बिघाडापासून वाचविते, पुरापासून नव्हे. म्हणून निदान एक प्रत दुसऱ्या गावी, उंचावरील सुरक्षित इमारतीत असावी. तिच्यात नागरिकांची खाजगी माहिती असल्यास ती कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवावी आणि किल्लीचा शब्द कागदावर लिहून मोहोरबंद लिफाफ्यात वेगळा जपावा.

दररोज बदललेल्या फाइली, आठवड्यातून एकदा संपूर्ण प्रत, आणि महिन्याची एक प्रत वर्षभर असा क्रम लहान कार्यालयास पुरेसा होतो. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढविण्याचा मोह टाळावा. चुकीने पुसलेली नोंद पुष्कळदा काही आठवड्यांनी ध्यानात येते. तोवर एकच प्रत उरली असेल, तर तिच्यातूनही ती नोंद गेलेली असते.

परीक्षा उघडून पाहण्याची

साकोली तालुक्यातील एखाद्या शाळेचा संगणक वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात बंद पडला, अशी कल्पना करावी. मुख्याध्यापकांकडे वर्षभराच्या प्रती आहेत, परंतु त्या कधीच उघडून पाहिलेल्या नाहीत. गठ्ठा सोडल्यावर निकालपत्रके निघतात. माहितीसाठा मात्र अर्धवट निघतो. वर्षभराची शिस्त अशा वेळी वाया जाते. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर गठ्ठा सोडून दोन-चार फाइली व माहितीसाठ्याचा उतारा उघडून पाहिला, तर ही उणीव वेळीच कळते. पाहणी केल्याची तारीख व पाहणाऱ्याची सही नोंदवहीत असावी. वगळलेल्या शाखांची यादीही त्याच नोंदवहीत चिकटवावी, म्हणजे बदली होऊन येणाऱ्या कर्मचाऱ्यास ती विचारीत बसावे लागणार नाही.

या कामास मोठा खर्च लागत नाही. दोन बाहेरील चकत्या, एक नोंदवही आणि नेमून दिलेला एक जबाबदार कर्मचारी एवढे पुरे असते. ग्रामसभेने व शाळा व्यवस्थापन समितीने वर्षातून एकदा आपल्या दप्तराची शेवटची प्रत केव्हा घेतली आणि ती केव्हा उघडून पाहिली, एवढे दोन प्रश्न विचारावेत. आज पहिलीत दाखल झालेल्या मुलाला उद्या लागणारा दाखला त्या उत्तरांवर अवलंबून आहे.