यंत्रात मराठी भरावी लागते

मनामातल्या मॉलमध्ये दुकानांचा नकाशा दाखवणारा मोठा स्क्रीन तुम्ही पाहिला असेल. त्यावर अरबी असते, इंग्रजी असते. अशा स्क्रीनमागे एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्यात पुष्कळदा लिनक्स असतं. समजा, तिथे तुम्हाला ‘मित्र’ हा शब्द दाखवायचा आहे. कदाचित नुसते रिकामे चौकोन दिसतील. असं का?

घरच्या लॅपटॉपमध्ये सगळं आधीच भरलेलं असतं. छोट्या यंत्रात जागा कमी, म्हणून त्या यंत्रापुरतंच लिनक्स तयार करतात. या तयार गठ्ठ्याला ‘इमेज’ म्हणतात. (इथे इमेज म्हणजे फोटो नाही बरं का!) ती मेमरी कार्डवर उतरवली की यंत्र सुरू होतं.

इमेज बांधायला बिल्डरूट आणि योक्टो ही दोन साधनं प्रसिद्ध आहेत. बिल्डरूटमध्ये मेन्यू असतो. हवं त्यावर खूण करायची आणि ‘मेक’ अशी आज्ञा द्यायची. २०१० मध्ये सुरू झालेल्या योक्टोची भाषा मात्र थेट स्वयंपाकघरातली! प्रत्येक सॉफ्टवेअरची एक ‘रेसिपी’ असते : मूळ कोड कुठून आणायचा, कसा बांधायचा, कुठे ठेवायचा. सगळ्या रेसिपी वाचून काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव ‘बिटबेक’. भट्टी तुमच्या लॅपटॉपवर, पण पदार्थ वेगळ्याच प्रोसेसरसाठी. पहिल्या खेपेला काही तासही लागतात. माझं ऐकाल, तर आधी बिल्डरूट करून बघा.

दोन्हीकडे नियम एकच. जे यादीत नाही आणि यादीतल्या कशालाही लागत नाही, ते इमेजमध्ये येत नाही. देवनागरी फॉण्ट मागितला नाही, की चौकोन! खरं तर ‘नोटो सान्स देवनागरी’सारखा फॉण्ट काहीशे केबीत मावतो. चिनी-जपानी फॉण्टला कित्येक एमबी लागतात.

पण फॉण्ट टाकून भागत नाही. ‘मित्र’ कॉम्प्युटरमध्ये पाच तुकड्यांत साठवलेला असतो : म, पहिली वेलांटी, त, पाय मोडायची खूण, र. वेलांटी साठवायची म नंतर, पण काढायची म च्या आधी. त आणि र जोडून ‘त्र’ करायचा. हे काम ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी करते. ती नसेल तर वेलांटी भलतीकडे जाऊन बसते आणि ‘त्र’ फुटतो.

शाळेत अरबी शिकता ना? मग ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, हे तुम्हाला माहीत असेल. या लायब्ररीच्या नावात तोच शब्द आहे. अरबी अक्षरंसुद्धा शब्दात एकमेकांना जोडताना रूप बदलतात. अरबी नीट दिसावी म्हणून हार्फबझ आधीच घातली असेल, तर मराठीचं अर्धं काम झालंच. उरला फॉण्ट, तो कुणीतरी यादीत लिहायला हवा.

शब्दार्थ
गठ्ठा – एकत्र बांधलेल्या वस्तू
खेप – वेळ, फेरी
भलतीकडे – चुकीच्या जागी

करून पाहा
१. कॉम्प्युटरवर ‘मित्र’ टाइप करा. मागे खोडायची कळ एकेकदा दाबा. बहुतेक ठिकाणी पाच वेळा दाबावी लागेल. दर वेळी काय उरतं, ते वहीत लिहा.
२. तुमच्या नावात किती तुकडे आहेत? आधी अंदाज करा, मग मोजा.