शरद: गढूळ पाणी निवळू द्या

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध १०, अध्याय २०

मित्रांनो, शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. माझा सगळ्यात आवडता ऋतू! मुंबईत आपण त्याला 'ऑक्टोबर हीट' म्हणून नावं ठेवतो, पण भागवतातला शरद वाचून बघा. या अध्यायात आधी वृंदावनातला पावसाळा आहे आणि मग शरद. आकाशातले ढग सरतात, जमिनीवरचा चिखल वाळतो, गढूळ पाणी स्वच्छ होतं.

हे पाणी कोणी गाळत बसत नाही. पाऊस थांबतो, प्रवाहाचा जोर ओसरतो आणि गाळ आपोआप तळाशी बसतो.

बाबा गेल्यापासून सगळे मला सांगतात, "स्वतःला बिझी ठेव." त्यामागची माया कळते. पण सतत ढवळलेलं पाणी निवळणार कसं? म्हणून रोज संध्याकाळी मी अर्धा तास फक्त जपाला बसते. रडू आलं तर येऊ देते.

थांबणं म्हणजे आळस नव्हे हं. याच अध्यायात शेतकरी बांध पक्के करून शेतातलं पाणी अडवतात. तसंच योगी इंद्रियांवाटे वाहून जाणारं ज्ञान अडवतात, असं भागवत सांगतं. आपला बांध म्हणजे ठरलेली वेळ आणि सायलेंटवर ठेवलेला फोन.

आजचा अभ्यास: दहा मिनिटं शांत बसा, नाम घ्या. मन लगेच स्थिर झालं नाही तरी चालेल. पाणीसुद्धा एका दिवसात निवळत नाही.

राम कृष्ण हरी!