मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज आणि खरिपाची पेरणी

दरवर्षी एप्रिलच्या मध्यास भारतीय हवामान खाते मोसमी पावसाचा अंदाज जाहीर करते. ‘यंदा पाऊस सरासरीइतका’ एवढेच त्यातून गावोगावी कानी पडते. ही सरासरी कशाची, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साऱ्या देशावर पडणाऱ्या पावसाची ती सरासरी होय. १९७१ ते २०२० या काळावरून ती ८७ सेंटिमीटर धरली आहे. एखाद्या तालुक्यात पाऊस केव्हा येईल व मध्ये किती दिवस उघडीप देईल, याविषयी हा आकडा मौन पाळतो.

हे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हे हिमालयातील बर्फावरून अंदाज बांधीत. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या प्रदेशांतील वायुभाराशी आपल्या पावसाचा संबंध जोडला. सागराचे तापमान सावकाश बदलते, म्हणून हंगामाचा एकंदर कल काही महिने आधी कळू शकतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे मात्र काही दिवसांचे सोबती असतात. ते कोणत्या तारखेस येतील, हे एप्रिलात सांगता येत नाही.

२००२ साली सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ८१ टक्के झाला, आणि जुलैत तर सुमारे निम्माच. याउलट २०१५ साली जूनमध्ये ८८ टक्क्यांचा सुधारित अंदाज दिला गेला व पाऊस ८६ टक्के पडला. अधिक बोलके उदाहरण २०२३ चे आहे. अंदाज ९६ टक्के, पाऊस ९४ टक्के, म्हणजे अंदाज खराच ठरला म्हणावयाचा. तरीही त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. फुलोऱ्यातील सोयाबीनला हंगामाच्या सरासरीचा काय उपयोग?

तेव्हा एप्रिलच्या अंदाजावरून चाऱ्याची तजवीज करावी, धरणाच्या पाण्याचे नियोजन करावे, फार तर कमी मुदतीचे वाण निवडावे. पेरणीची तारीख ठरवू नये. पहिल्या सरीवर कोरडवाहू जमिनीत टाकलेले बी उगवते आणि पावसाने ओढ दिली की करपते. दुबार पेरणीचे बियाणे बहुधा उसनवारीचेच असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्यावरच पेरावे, असे कृषी खाते सांगते ते याचसाठी. त्या वेळी पाहावयाचा अंदाज म्हणजे जिल्ह्याचा पाच दिवसांचा. त्यावर आधारलेला कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लागला पाहिजे.

पाऊस किती झाला हे ठरविण्यास शाळेच्या मोकळ्या पटांगणातील साधे पर्जन्यमापक पुरते. त्यातील पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावे. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही त्याच वेळी पुरा होतो, म्हणून गावची नोंद खात्याच्या आकड्यांशी ताडता येते.