अक्कलदाढ काढल्यानंतरचे दुखणे : किती सोसावे, केव्हा धावावे?

'दाढ काढली की दुखणारच, असे तुम्हीच म्हणाला होता.' काही वर्षांपूर्वी एका रुग्णाने हे वाक्य मला कागदावर लिहून दाखवले. लिहून दाखवले, कारण त्याला तोंड उघडता येत नव्हते.

हा तरुण एस. टी. त वाहक होता. पाच दिवसांपूर्वी मीच त्याची खालची अक्कलदाढ काढली होती. तिसऱ्या दिवसापासून त्याला ताप येत होता. हनुवटीखाली दगडासारखी कडक सूज आली होती आणि लाळही गिळवत नव्हती. जंतुसंसर्ग गळ्याकडे उतरला होता. अशा वेळी श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. त्याला तातडीने जिल्हा रुग्णालयात हलवले. तेथे चीर देऊन पू काढला, शिरेतून औषधे दिली आणि तो वाचला. पण चूक माझीच होती. 'दुखेल' एवढेच मी सांगितले होते; कसे, किती दिवस आणि कोणते दुखणे साधे नव्हे, हे सांगितले नव्हते. तेच आज सांगतो.

अक्कलदाढ साधारणपणे १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान येते. जबड्यात जागा नसली तर ती आडवी किंवा अर्धवट अडकते. मग हिरडी कापून, प्रसंगी थोडे हाड कोरून ती काढावी लागते. म्हणजे ही छोटी शस्त्रक्रियाच असते. भूल उतरली की दुखू लागते. हे दुखणे इतके ठराविक असते, की नवी वेदनाशामके तपासताना शास्त्रज्ञ अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांचीच मदत घेतात. भूलशास्त्राच्या इतिहासातही या दाढेला मान आहे. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ काढवून घेतली होती!

आता पहिल्या दिवसाविषयी. दाढ काढल्यावर दिलेला कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा. सारखा काढून पाहू नये. खाचेत रक्ताची जी गुठळी तयार होते, ती जखमेवरची नैसर्गिक पट्टी होय. म्हणून पहिले २४ तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये. लाळेत थोडे रक्त दिसले तर घाबरू नये. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून १५-२० मिनिटे धरावा, मग तेवढीच विश्रांती द्यावी. गरम शेक पहिल्या दिवशी नको.

वेदनाशामक गोळी दुखू लागल्यावर नव्हे, भूल उतरण्यापूर्वीच घ्यावी. दुखणे एकदा चढले की आवरायला वेळ लागतो. निरोगी प्रौढाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, पहिले दोन-तीन दिवस घड्याळ पाहून घेतल्यास चांगला आराम पडतो. मात्र जठरव्रण, दमा, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आयबुप्रोफेनबरोबर डायक्लोफेनॅक घेऊ नये. दोन्ही एकाच जातीची औषधे आहेत. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, म्हणून पाकिटावरचे नाव वाचावे. ते जास्त झाल्यास यकृताला इजा होते.

हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तिने दुखणे थांबत नाही, उलट हिरडी भाजते. ताज्या जखमेत लवंगेचे तेलही स्वतःच्या मनाने घालू नये. आणि प्रतिजैविक म्हणजे वेदनाशामक नव्हे. शेजाऱ्याकडची उरलेली कॅप्सूल घेऊ नये. डॉक्टरांनी दिले असेल तर सांगितले तितके दिवस पूर्ण घ्यावे.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर हळुवार गुळण्या कराव्यात. गार झालेली पेज, मऊ भात, ताक, दूध असा आहार ठेवावा. इतर दात ब्रशने स्वच्छ करावेत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरू लागते. जबडा आखडणे, गालावर निळसर डाग दिसणे हेही चालायचेच. आठवडाभरात बहुतेकांना बरे वाटते.

आता महत्त्वाचे. दुखणे कमी होत जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा उसळले, कानाकडे कळ जाऊ लागली, तोंडाला दुर्गंधी आली, तर गुठळी निघून गेली असे समजावे. यालाच 'ड्राय सॉकेट' म्हणतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे अधिक आढळते. म्हणून निदान आठवडाभर बिडी, तंबाखू, मिश्री, गुटखा पूर्ण बंद ठेवावा. घरी गोळ्या वाढवत बसू नये. दंतवैद्याने खाच धुऊन औषधाची पट्टी ठेवली की लवकर आराम पडतो.

आणि पुढील लक्षणे दिसल्यास रात्र असली तरी थांबू नये : तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज, ताप, जखमेतून पू, बोळा चावूनही न थांबणारे रक्त. गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

थोडक्यात खूण एकच : दुखणे रोज थोडे कमी व्हायला हवे. ते उलट्या दिशेने चालले की 'दुखणारच' म्हणून सोसू नये. तो वाहक आता बरा आहे. त्याच्यानंतर माझ्या दवाखान्यातून दाढ काढलेला एकही रुग्ण ही सूचना लिहिलेला कागद घेतल्याशिवाय घरी गेलेला नाही. आपल्या दंतवैद्यांनी तसा कागद दिला नाही, तर तो आपण हक्काने मागून घ्यावा.